आधी उजेड, मग रंग

स्टुडिओत पोचल्यावर मी पेटी उघडण्याआधी फोटोग्राफरला गाठते आणि विचारते, "आज दिवे कसे लावताय?" मोठा सॉफ्टबॉक्स असेल तर उजेड चेहऱ्यावर सगळीकडे पसरतो, सावल्या विरघळतात आणि गालाचं हाड दिसेनासं होतं. तिथं कॉन्टूर, म्हणजे हाडाखाली रंगानं काढलेली सावली, एरवीपेक्षा गडद लागतो. ब्यूटी डिश, म्हणजे दिव्याभोवतीची थाळी, असली की हाडं आपोआप उठून दिसतात, आणि तोच गडद कॉन्टूर गालावर मळकट पट्टा होऊन बसतो. मॉडेल तीच, त्वचा तीच, मेकअप मात्र निराळा. दिवे ठरल्याशिवाय रंग ठरवता येत नाही, हे या कामातलं पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं ज्ञान.

नव्यानं या कामात आलेल्या मुली अडखळतात त्या मॉडेलिंग लाइटपाशी. फोटोग्राफरला सावल्या कुठं पडतात ते कळावं म्हणून स्ट्रोबमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या फ्लॅशमध्ये, एक दिवा सतत चालू असतो. जुन्या स्ट्रोबमध्ये तो हॅलोजनचा, पिवळट, साधारण ३२०० केल्व्हिनचा. फोटो निघतो तो मात्र फ्लॅशच्या उजेडात, आणि तो दुपारच्या उन्हासारखा पांढरा, ५५०० केल्व्हिनच्या आसपासचा. पिवळ्या उजेडात गालावरची लाली फिकी वाटते, म्हणून हात आणखी फिरत राहतो आणि फोटोत गाल भडक येतात. मेकअपरूमच्या आरशाभोवती पिवळे बल्ब असले तरी हेच होतं. म्हणून मी टेस्ट शॉट मागते आणि मॉनिटरवर बघूनच पुढचा ब्रश उचलते.

कॅमेऱ्याला काय दिसतं हा प्रश्न फार जुना आहे. मूकपटांच्या काळातल्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल ओठ पडद्यावर काळे पडत. पुढं पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि हॉलिवूडचा मेकअपकार मॅक्स फॅक्टर यानं तिच्यासाठी मेकअपच्या छटा नव्यानं बनवल्या. रंगीत टेक्निकलर चित्रपटांसाठी त्यानं काढलेला पॅनकेक मेकअप १९३७ साली पडद्यावर आला. फिल्म बदलली की चेहऱ्यावरचा रंग बदलला. आज फिल्मच्या जागी सेन्सर आहे, आणि त्याचेही हट्ट आहेत. सिलिकाची पांढरी पावडर, टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आरशात दिसत नाही, पण कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून थेट पडला की डोळ्यांखाली पांढरे चट्टे उमटतात. स्टुडिओत दिवे बाजूला आणि मऊ असल्यानं हा धोका कमी, तरीही मी पावडर कपाळ, नाक आणि हनुवटीपुरतीच ठेवते.

पण खरी परीक्षा असते ती त्वचेच्या रंगाची. पोर्टफोलिओसाठी आलेली मुलगी खुर्चीत बसते, आरशात बघते आणि हळूच म्हणते, "ताई, जरा गोरी करा ना." हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय, आणि दर वेळी मला वाईट वाटतं. सावळ्या चेहऱ्यावर दोन छटा उजळ फाउंडेशन चढवलं की फ्लॅशखाली तो राखेसारखा दिसतो. मान वेगळी, कान वेगळे, आणि ग्लॅमरच्या पोझमध्ये हात हमखास गालाशी येतो, तो तिसऱ्याच रंगाचा. मी तिला सांगते, "एक फोटो काढून बघू, मग तू ठरव." फाउंडेशन मानेशी जुळवून घेते. डोळ्यांखालच्या निळसर काळेपणावर आधी नारिंगी करेक्टर लावते. काळेपणावर थेट उजळ कन्सीलर थापला तर तिथं करडा डाग पडतो. मग गालाच्या हाडावर, नाकाच्या दांड्यावर, खांद्यावर थोडीशी क्रीमची चमक. टपोरी टिकली-चमकी नाही, तिचे कण कडक दिव्यात एकेक मोजता येतात. सावळ्या त्वचेवर उजेडाची रेघ गोऱ्या त्वचेपेक्षा ठळक उठते, कारण तिच्या भोवतीचा रंग गडद असतो. ग्लॅमर फोटोग्राफीला याहून चांगली जमीन नाही. मॉनिटरवर स्वतःला बघून मुलगी गप्प होते, मग म्हणते, "असंच ठेवा."

पापण्याही उजेड बघूनच लावायच्या. खोट्या पापण्या जाड असल्या की वरून येणारा उजेड अडतो आणि बुबुळातला चमकता ठिपका, कॅचलाइट, नाहीसा होतो. तो गेला की बाकी सगळं काम वाया. पाठीमागून दिवा असेल तर कान लालभडक दिसतात, म्हणून कानांनाही बेस लागतो.

गौतम राजाध्यक्षांचे फोटो मी विद्यार्थिनींना आवर्जून दाखवते. सिनेनट्यांचे चेहरे त्यांनी वर्षानुवर्षं टिपले, आणि त्या चेहऱ्यांत रंगाआधी माणूस दिसतो. मेकअप करणारीनं स्वतःला इतकं मागं ठेवायला शिकावं असं मला वाटतं.

आमच्या पिढीतल्या बायका फोटो स्टुडिओत आल्या त्याला कारण होतं. मुंबईच्या सिनेमाच्या सेटवर बाईनं केस करायचे आणि चेहरा पुरुषानं रंगवायचा, असा नियम होता. मेकअप आर्टिस्ट चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तो १० नोव्हेंबर २०१४ रोजी मोडीत काढला. आता मुली सेटवर जातात, जायलाच हवं. तरी माझं त्यांना सांगणं आहे की आधी थोडे दिवस स्टुडिओत घालवा. सिनेमातला चेहरा हलतो, चूक निसटून जाते. फोटोतला चेहरा थांबलेला असतो आणि बघणारा हवा तितका वेळ त्याच्याकडे बघू शकतो.

आणि तुम्ही स्वतः फोटो काढून घ्यायला जाणार असाल तर भुवया दोन दिवस आधी करून घ्या, चेहरा धुऊन, काहीही न लावता जा. समोरच्या व्यक्तीनं तुमच्या मानेचा रंग न बघताच बाटली उघडली, तर तिला थांबवा.