शिंगटीचं रीव्हॅल्युएशन

हॉस्टेलवर नवीन कुणी गाव विचारलं की मी सांगतो, "बीबी." पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "कोणाची?" मग तालुका लोणार, जिल्हा बुलडाणा असं सगळं सांगावं लागतं. लोणार म्हटल्यावर समोरच्याला सरोवर आठवतं आणि गाडी रुळावर येते. नावावरून रोज एवढं रामायण घडत असेल, तर माणूस नावांचा विचार करायला लागणारच. हा लेख नावांबद्दलच आहे. फक्त माशांच्या. त्यातही मिशा असलेल्या, अंगावर खवले नसलेल्या माशांच्या, ज्यांना आपण पुस्तकात कॅटफिश म्हणून वाचतो.

मेकॅनिकलच्या पोराला मासे कुठून सुचले, असं रूममेटनं विचारलंच. त्याचं कारण माझे मामा. आम्ही भोई. मामांचं गाव खडकपूर्णेच्या काठी आणि जाळं पिढीजात. दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जातो. जाळ्यातून मासे सोडवताना मामा बोटांनी जे करतात ते बघण्यासारखं असतं. शिंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बगलांना एकेक असे टणक काटे असतात. मासा घाबरला की ते उभे करतो आणि मग कितीही दाबा, आडवे होत नाहीत. पाठीवरच्या मोठ्या काट्याच्या बुडाशी एक बारका काटा असतो, तो खटक्याचं काम करतो. बगलेचा काटा खोबणीत जरासा फिरून घट्ट बसतो. मित्रहो, आपण थर्ड इयरला लॉकिंग मेकॅनिझमवर जर्नल लिहिलं, तेव्हा हा विषय एवढा सोपा असेल असं वाटलं नव्हतं!

मामा काटा न लागू देता मासा सोडवतात आणि सोडवता सोडवता नाव घेतात. ही शिंगटी, हा घोगरा. घोगरा का, तर पाण्याबाहेर काढला की घोगऱ्या आवाजात कुरकुरतो म्हणून. काटा खोबणीत घासून आवाज काढायची ही सवय बऱ्याच कॅटफिशना असते.

ही नावं लायब्ररीत शोधली तेव्हा मी उडालोच. घोगऱ्याचं शास्त्रीय नाव रिटा गोग्रा. शिंगटीचं मिस्टस सीन्गटी. म्हणजे जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत मराठी शब्द जाऊन बसलेत! ते तिथे नेले विल्यम हेन्री साईक्स या माणसानं. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. १८२४ साली त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायचं काम मिळालं. पिकं, लोकसंख्या, हवामान मोजता मोजता यानं पक्षी आणि मासेही गोळा केले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९ च्या सुमारास लंडनमध्ये छापून आला. त्यात नव्या माशांना नावं देताना त्यानं इथल्या लोकांची नावं जशीच्या तशी उचलली. गोग्रा, सीन्गटी, कुतुर्नी, टाकरी, इचकीया. दोन मोठ्या माशांना मात्र यॅरेल आणि चिल्ड्रेन या इंग्रज साहेबांची नावं दिली. आता विचार करा, साईक्सला ती मराठी नावं सांगितली कुणी? काठावरच्या जाळेवाल्यांनीच. त्यांच्यापैकी एकाचंही नाव निबंधात मिळत नाही. शोधाच्या खाली सही साहेबाची, पण मासा ओळखणारा डोळा आधीपासून नदीवर होता.

अर्थात ओळखणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं, हेही सांगायला पाहिजे. मासा 'नवा' म्हणायचा तर त्याचा एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. आपल्या वर्कशॉपमधला मास्टर गेज समजा. पुढे कुणालाही शंका आली की तो काढून ताडून बघायचं. मिशी डोक्याच्या मानाने केवढी, डोळा केवढा, शेपटीकडचा मांसल पर केवढा लांब, मणके किती, कल्ल्यांवरचे दातेरी काटे किती, हे मोजायचं. आता डीएनएसुद्धा बघतात. मग जवळच्या प्रत्येक जातीशी तुलना करून फरक दाखवायचा आणि हे सगळं छापायचं. एकाच माशाला दोघांनी नावं दिली असतील तर सहसा आधीचं नाव टिकतं. ही मोजणी लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू होते.

आपल्या शिंगटीची गोष्ट इथेच येते. साईक्सनं नाव दिलं खरं, पण नंतरच्या लोकांना ती गंगेतल्या मिस्टस कॅव्हेसियससारखीच वाटली आणि त्यांनी तिला त्या जातीत टाकून दिलं. बरीच वर्षं ती पुस्तकात वेगळी नव्हतीच. २००५ साली दोन अभ्यासकांनी ठिकठिकाणचे नमुने पुन्हा मोजले आणि निष्कर्ष काढला की कॅव्हेसियस म्हणून जे एकत्र बांधलंय त्या तीन जाती आहेत. एक गंगेकडची, एक म्यानमारकडची अगदी नवी आणि तिसरी आपली शिंगटी. आपल्याकडे रीव्हॅल्युएशनचा निकाल यायला दोन महिने लागले तरी पोरं बोंब मारतात. शिंगटीला १८३९ पासून १६६ वर्षं लागली, पण बिचारी पास झाली!

हे काम फक्त साहेबांनी केलं असंही नाही. सुंदरलाल होरा यांनी १९३८ साली पुण्याच्या नदीतून ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस ही जात नोंदवली. हा मासा छातीवरच्या कातडीच्या चुण्यांनी वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतो. १९५२ साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कोल्हापूरच्या पंचगंगेतला एक मासा नवा म्हणून मांडला आणि त्याचं नाव ठेवलं खवलचोर! दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खाणारा. पुढच्या अभ्यासकांनी पोटं तपासली, तर खरंच खवले निघाले. म्हणजे नावातच संशोधन होतं. आणि २०१७ साली तर घोगऱ्याचा एक नवा भाऊबंद, रिटा बकालू, जाहीर झाला, तोही गोदावरी खोऱ्यातून. आमची खडकपूर्णा शेवटी गोदावरीलाच जाते. तेव्हा शोध संपले, आता फक्त कॉम्प्युटर उरलाय, असं कुणी म्हणू नये.

आता मला जे सांगायचंय ते. मागच्या दिवाळीत मी शंभर पानी वही घेऊन मामांसमोर बसलो आणि त्यांना माहीत असलेली माशांची नावं लिहायला लागलो. "इंजिनेर व्हून माशाची हजेरी घेतो काय रे?" म्हणून मामी हसत होत्या. मामांनी एकवीस नावं सांगितली. नुसती नावं नाही, कोणता कुठल्या पाण्यात, कोणत्या महिन्यात, काटा कसा, चव कशी. त्यातली सहा नावं सांगून झाल्यावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "हे तं लई वर्सं झाले, जाळ्यात नाई आले." आता धरणाच्या पाण्यात सोडलेलं कटला-रोहूचं बीज वाढतं आणि बाजारात त्यालाच भाव. माझा मामेभाऊ सोळा वर्षांचा आहे, जाळं चांगलं टाकतो. पण मिशा दिसल्या की त्याच्यासाठी सगळेच 'शिंगाडे'. त्याचा दोष नाही. जे दिसतच नाही त्याचं नाव कोण लक्षात ठेवणार?

माशाचं नाव जाणं आणि मासा जाणं या दोन गोष्टी फार लांबच्या नाहीत. ज्याला नाव नाही तो कमी झाला हे कळणार कसं? मांगूरचंच बघा. आपला देशी मांगूर वेगळा आणि मोठा, खादाड आफ्रिकन मांगूर वेगळा. दुसऱ्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं त्याचे साठे नष्ट करायला सांगितले. पण बाजारात दोघांनाही 'मांगूर' म्हटलं की कायद्याचा उपयोग काय? ओळखणारा माणूस लागतो.

माझी वही म्हणजे काही शास्त्र नाही. त्यात नमुने नाहीत, मोजमापं नाहीत. पण पुण्याला प्राणी सर्वेक्षण विभागाचं केंद्र आहे. तिथला एखादा अभ्यासक उद्या खडकपूर्णेवर आला, तर पहिल्या दिवशी काय विचारायचं हे या वहीतून त्याला मिळेल. आणि यावेळी सांगणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर आहे. मामांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय, वळणदार अक्षरात, तारखेसकट.

तुमच्यापैकी कितीतरी जणांची गावं नदीकाठी आहेत. गोदा, तापी, वर्धा, पैनगंगा, सगळ्यांची पोरं या हॉस्टेलात आहेत. सुट्टीत घरी जाल तेव्हा एक वही सोबत न्या. आजोबांना, काकांना किंवा बाजारातल्या मासेवाल्या मावशींना नावं विचारा. सबमिशनसारखी शेवटच्या दिवसावर टाकू नका. माझ्या वहीत अजून एकोणऐंशी पानं कोरी आहेत.