व्यायामशाळेसाठी दोराची निवड

कार्यात्मक व्यायाम, म्हणजे एकेका स्नायूला वेगळे न काढता ओढणे, उचलणे, चढणे अशा नित्याच्या हालचालींतून सबंध शरीराला ताकद आणि दम देणारा व्यायाम, आता लहान शहरांतही रुजला असून त्याच्या साधनांत चढण्याचा दोर आणि बॅटल रोप, म्हणजे मधोमध खांबाला अडकवून दोन्ही टोके हातांनी झटकायचा जाड दोरखंड, यांना मानाचे स्थान आहे. दिसायला हे दोर सारखे असले, तरी एकाकडून पकड आणि भरवसा हवा असतो, तर दुसऱ्याकडून वजन. हा भेद न जाणता केलेली खरेदी वाया जाते, हे प्रस्तुत लेखकाला एका व्यायामशाळेसाठी दोर निवडताना प्रकर्षाने जाणवले.

मुंबईच्या नागदेवी परिसरातील दुकानांत भेंडोळी पाहताना लेखकाने प्रत्येक दोर आधी मुठीत आवळून पाहिला आणि मग पिळाच्या उलट दिशेने फिरवून त्याचे पदर उकलले, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या दोराची खरी अवस्था आतच कळते: चांगल्या मनिला दोराचे, म्हणजे केळीच्या कुळातील अबाका या झाडाच्या तंतूंपासून वळलेल्या दोराचे, आतले धागे लांब, सोनेरी आणि अखंड असतात, तर जुनाट दोर उकलताच भुकटी आणि तुटके तंतू हाती येतात. चढण्यासाठी साधारण 38 मिलिमीटर व्यासाचा मनिला दोर सोयीचा ठरतो, कारण त्याचा खरखरीतपणा घामेजलेल्या तळहातालाही धरून ठेवतो आणि दोन्ही पावलांत तो पक्का अडकवता येतो. पॉलिप्रॉपिलिनचा दोर मात्र हलका आणि गुळगुळीत असल्याने हातातून सटकतो. गिर्यारोहणाचा दोर या कामी उपयोगाचा नाही, कारण साधारण 9 ते 11 मिलिमीटर जाडीचा तो दोर पडणाऱ्या माणसाचा झटका ताणून शोषण्यासाठी बनवलेला असतो, मुठीने धरून चढण्यासाठी नव्हे. दोरीच्या मल्लखांबाची सुती दोरीही बारीक आणि मऊ असते, कारण ती पायाच्या बोटांत धरून अंगाभोवती गुंडाळावयाची असते.

बॅटल रोपच्या बाबतीत जाडीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. दोराचे वजन व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे 38 ऐवजी 50 मिलिमीटरचा दोर घेतला की त्याच लांबीचे वजन सुमारे पावणेदोन पट होते आणि नवशिक्याच्या हातून लाट खांबापर्यंत पोचण्याआधीच विरते. शिवाय एवढी जाडी लहान हाताच्या मुठीत मावतही नाही. लांबी ठरवताना दोर दुमडला जातो हे विसरता कामा नये: 15 मीटरच्या दोराच्या प्रत्येक बाजूला साडेसात मीटरच येतात, आणि मागे उभे राहण्याची जागा धरता सुमारे 9 मीटर लांबीची मोकळी जागा लागते. खांबाकडे सरकले की दोराला ढील मिळून झटकण्याचे श्रम वाढतात, मागे सरकले की ते कमी होतात, म्हणून एकाच दोरावर अनेकांचा सराव होऊ शकतो.

पावसाळ्याचा विचार महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात, टाळता येत नाही, कारण नैसर्गिक तंतू ओल शोषून फुगतात आणि त्यांवर बुरशी धरते; म्हणून दमट जागी जमिनीवर पडून राहणारा बॅटल रोप पॉलिएस्टरचा असणे श्रेयस्कर, तर मनिला दोर वाऱ्यावर टांगून ठेवावा. बॅटल रोप खांबाला घासतो तेथे जाड कापडी वेष्टण हवे.

मात्र सर्वांत अधिक खर्च आणि काळजी चढण्याच्या दोराच्या टांगणीवर व्हावी, कारण चढणाऱ्याच्या हिसक्यांनी तिच्यावर त्याच्या वजनाहून पुष्कळ अधिक भार येतो. दोर शोभेच्या छताला नव्हे, तर अभियंत्याने तपासलेल्या तुळईलाच बांधावा आणि खाली जाड गादी असावी. दोर घेणाऱ्याने आधी तुळई, मग जागा, मग सराव करणाऱ्यांचे तळहात आणि सर्वांत शेवटी किंमत पाहावी, कारण उंचावर लोंबकळणारे मूल ही निवड स्वतः तपासू शकत नाही; ती जबाबदारी निवडणाऱ्याचीच असते.