डावीकडे दाटी

पंगतीत जिलबीचं ताट ज्या टोकाकडून निघतं, तिकडचे पाट आधी भरतात, हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. दुसऱ्या टोकाला एखादे गृहस्थ एकटेच बसलेले असतात. सगळी धुमश्चक्री इकडे उडाली की वाढपी तिकडे निवांत पोचतो आणि त्यांना आग्रह करकरून दोनदा वाढतो. एवढ्याच भांडवलावर मी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी इंग्लंडातल्या एका फुटबॉल क्लबाचा मॅनेजर झालो.

क्लब खरा, खेळाडूही खरे. मॅनेजर तेवढा खोटा. ‘फुटबॉल मॅनेजर’ नावाचा हा संगणकावरचा खेळ. त्याचं मूळ १९९२ सालच्या ‘चॅम्पियनशिप मॅनेजर’मध्ये. पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा इंग्रज भावांनी तो रचला. पुढे त्यांचं आणि प्रकाशकाचं फाटलं, तेव्हा नाव प्रकाशकाकडे गेलं आणि खेळ भावांकडे राहिला. म्हणून २००४ साली हे नवं बारसं. वाटण्या आपल्याकडेही अशाच होतात, फक्त आपल्याकडे दोघांनाही नावच हवं असतं.

या खेळात चेंडूला पाय लावायचा नाही. कोणी कुठे उभं राहायचं ते ठरवायचं आणि मग नखं खात बघत बसायचं. सरकारी कचेरीत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे काम परकं नाही.

आमचा नातू मँचेस्टरला शिकायला गेला, तो जाताना आपला जुना लॅपटॉप आणि त्यातली खेळाची २०२४ची आवृत्ती माझ्या हवाली करून गेला. “आजोबा, डाव्या बाजूला ओव्हरलोड करून बघा,” हा त्याचा शेवटचा उपदेश. विमानतळावर इतर मुलं आजोबांच्या पाया पडत होती.

तर ओव्हरलोड म्हणजे एका बगलेवर माणसांची दाटी. गोलकीपर सोडला तर दहा टिकल्या हातात. त्याच्या अकरा ब्रह्मदेवालाही करता येत नाहीत. त्यातला अकरा नंबरवाला डावा विंगर मी मुद्दाम उजव्या पायाचा घेतला. असा माणूस आपोआप आतल्या बाजूला वळतो. तो आत गेला की रिकाम्या झालेल्या बाहेरच्या वाटेने मागचा तीन नंबरचा बॅक धावत वर येतो. दोघांच्या मधल्या फटीत आठ नंबर घुसतो. या आठ नंबरच्या भूमिकेला ‘मेझाला’ म्हणतात. शब्द इटालियन, अर्थ ‘अर्धा पंख’. नाव इतकं गोड की मी ते पहिल्याच दिवशी सौ.ला ऐकवलं. तिने विचारलं, “कशात घालतात?”

आता समोरच्या राइट बॅकची दशा बघा. दारात एकदम तीन पाहुणे, आणि घरात हा एकटा. मग त्याच्या मदतीला शेजारचा येतो, त्या शेजाऱ्याची जागा भरायला आणखी एक सरकतो, आणि होता होता सगळा बचाव डावीकडे कलतो. नेमका तेव्हा चेंडू लांब आडवा उजवीकडे मारायचा. तिथे आमचा सात नंबर साइडलाइनला पाठ लावून उभा असतो. एकटा!

खरं सांगायचं तर ही सगळी दाटी त्या एकट्यासाठीच असते. पण हे त्याला कोणी सांगत नाही. वीस-वीस मिनिटं बिचाऱ्याच्या पायाला चेंडू लागत नाही. त्याच्या नावापुढे ६.४ गुण पडतात. माझा असिस्टंट त्याला बाहेर काढा म्हणून कानाशी भुणभुण लावतो. मी काढत नाही. उजव्या बॅकलाही मी पुढे जाऊ देत नाही, कारण तीन नंबर वर गेला की त्याच्या मागे सगळं मैदान उघडं पडतं. डावीकडच्या मेजवानीचा खर्च उजवीकडचे भागवतात.

युक्ती काही आजची नव्हे. इ.स.पूर्व ३७१ मध्ये ल्युक्ट्राला थीब्जच्या एपामिनोंडासने आपली डावी बगल ५० रांगा खोल केली आणि उजवी मुद्दाम मागे ठेवली. समोर स्पार्टाची फौज १२ रांगांची. स्पार्टाचा राजा त्यात पडला. मागे राहिलेल्या उजव्या बगलेला किती गुण मिळाले, ते इतिहासकारांनी लिहून ठेवलेलं नाही.

नातवाचा फोन रविवारी रात्री येतो. पूर्वी तो तीन वाक्यांत आटपे. “कसं चाललंय?” “मस्त.” “थंडी?” “आहे.” “अभ्यास?” “चालू आहे.” आता मेझाला आल्यापासून अर्धा-अर्धा तास बोलणं होतं. कसं चाललंय, याचं उत्तर मात्र अजून “मस्त”च.

गेल्या रविवारी असाच फोन रंगात आला होता. “आजोबा, तीन नंबरला ‘अटॅक’ नको, ‘सपोर्ट’ द्या,” तो सांगत होता. “मग बाहेरून जाणार कोण? तुझा बाप?” मी विचारत होतो. सौ. दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला गवार मोडत बसली होती. वीस मिनिटांत तिच्याकडे कोणी वळलंसुद्धा नव्हतं. तिने मान वर न करताच विचारलं, “रात्री जेवतोस कोणाबरोबर रे?”

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

“एकटाच गं, आजी.”

मग तो तिच्याशी पाऊण तास बोलला. खोलीतला जोडीदार डिसेंबरातच सोडून गेला होता, हे मला त्या रात्री कळलं. मी गवारीची परडी माझ्याकडे ओढून घेतली.