तिसरी धार

वसुबारसेला पुष्कळ घरांत गाईचे दूध वर्ज्य. तो दिवस वासराचा. एरवीचा हिशेब निराळा. आमच्या अकोल्याकडच्या डांगी गाईला वासरू लावल्यावाचून सहसा पान्हा फुटत नाही, त्या निमित्ताने एखादे सड त्याला मिळते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले त्रिवेणीसारख्या संकरित गाई मात्र बहुधा वासरावाचूनही पान्हवतात. कास जितक्या वेळा रिकामी होईल तितके दूध अधिक. म्हणून काही गोठ्यांत दोनांऐवजी तीन धारा काढतात. ही युक्ती मूळची वासराचीच! मोकळे सोडा, दिवसातून कितीदा तरी ढुशा देईल. तिसऱ्या धारेपायी गाईची पेंड वाढते. वासराची बादली मात्र तेवढीच राहते.