गरीब जनावर

१० जुलै २०२४. सकाळी सव्वासातला घर हललं, फडताळातली भांडी वाजली आणि आम्ही अंगणात धावलो. ४.५ तीव्रतेचा धक्का, केंद्र आपल्याच हिंगोली जिल्ह्यात, हे नंतर कळलं. आत आलो तर पुतणी पलंगाशेजारी फरशीवर पालथी पडलेली. तिचा पांढरा ससा पलंगाखाली भिंतीला चिकटून बसला होता आणि मागचा पाय आपटत होता. धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. मी त्याला ओढायला हात घातला.

"काका, नका हात लावू. धोका हाय म्हणून सांगायलाय तो."

सांगायलाय! मला चाळीस वर्षांपूर्वीची दुरडी आठवली.

एका नातेवाइकाने वसमतच्या बाजारातून ससा आणला होता. कान धरून त्याने तो उचलून दाखवला. मग आम्ही पोरांनी पाळीपाळीने त्याला मांडीवर उताणा घेतला. तो हलला नाही. कान पाठीला चिकटलेले, डोळ्यांची पांढरी कड दिसत होती, अंग ताठ. "लई गरीब हाय जनावर," आजी कौतुकाने म्हणाली. तिसऱ्या दिवशी तो दुरडीत मेलेला होता. पुढ्यातलं गाजर तसंच.

उताणा केलेला ससा निपचित पडतो तो भीतीने, हे मला फार उशिरा समजलं. वरून येणारा हात त्याच्या लेखी घार असतो. डोळे दोन बाजूंना असल्यामुळे त्याला पाठीमागचंही दिसतं, फक्त नाकासमोरचं दिसत नाही. आणि अर्धा दिवस पोटात काही गेलं नाही की आतडी थंडावतात, त्यात जीवही जातो. आमचा तीन दिवस उपाशी होता. त्याचा तो डोळा अजून मला सोडत नाही.

आपण दोन वेगळ्या जनावरांना 'ससा' हा एकच शब्द ठेवला, तिथेही घोळ झाला. हरभऱ्याच्या रानातून उधळतो तो ससा वेगळा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. रोमन लोक भिंतीची आवारं बांधून ससे पाळायचे. अशा बिळातल्या जीवाला आपण चहूकडून उघड्या पिंजऱ्यात बसवतो आणि गप्प बसला की गरीब म्हणतो.

भित्र्या सशाच्या गोष्टीवर माझा जुना राग आहे. आपल्याकडच्या गोष्टीत त्याला वाटतं, आभाळच पडलं. जातककथेत बेलफळ पडतं आणि त्याला वाटतं, धरणीच फुटली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला धरणीने हजारो माणसं घेतली. त्यानंतर आम्ही कितीतरी रात्री अंगणात झोपलो. भांडं पडलं तरी आई आम्हाला दंडाला धरून बाहेर काढायची. तिला कुणी भित्री म्हणालं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे गावाच्या परिसरात तर जमिनीतून वर्षानुवर्षं गूढ आवाज येतात. तिथली माणसं रात्री दचकून उठतात, त्यांना कोण हसेल?

पुतणीने पलंगाखाली एक खोकं सरकवलं, दोन्हीकडून भोकं पाडलेलं. एक वाट अडली तर दुसरी मोकळी. जवळ गवत ठेवलं आणि पुन्हा आडवी झाली, न बोलता. दुपारी ससा बाहेर आला. कान सैल होते. आधी गवत खाल्लं, मग तिच्या मनगटावर हनुवटी घासली. सशाच्या हनुवटीखाली गंधाच्या ग्रंथी असतात; हे माझं आहे, अशी ती खूण. मग धपकन कुशीवर कलंडून त्याने पाय ताणले आणि डोळे मिटले. तिने अजून त्याला हात लावला नव्हता.

तुमच्या घरी ससा असेल तर त्याला आजच दोन तोंडांचं खोकं द्या, आणि तो आपण होऊन येईपर्यंत जमिनीवर बसा. कान धरून मात्र कधीच उचलू नका.