कोंबडीला अंड्यासाठी जागा द्या

भगिनींनो, दारात दहा-बारा कोंबड्या आहेत आणि अंडी मात्र हाती लागत नाहीत, ही तक्रार तुमच्याही घरी असेल. कोंबड्या अंडी घालतात हो! पण घालतात कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या हुडवीत, नाहीतर घाणेरीच्या जाळीत. मग आपण पोरांना पिटाळतो आणि पोरं गंजीत कोपरापर्यंत हात घालतात. उंदरांच्या मागं त्याच गंजीत सापही येतात. आमच्या वस्तीवर एका पोराच्या हातापासून वीतभर अंतरावर फुरसं निघालं. पोर वाचलं. पण अंडी शोधायला पोरांना पाठवायचं नाही, हे मी त्याच दिवशी घरात बजावलं.

कोंबडी आडजागा शोधते ती खोडी म्हणून नाही. तिला अंधार हवा, आडोसा हवा आणि अंगाखाली मऊ हवं. एवढं खुराड्यात मिळालं, तर ती गंजीकडं कशाला जाईल?

बाजारातून फळांचे लाकडी खोके आणा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच एवढी जागा एका कोंबडीला पुरते. प्रत्येकीला वेगळा खोका लागत नाही, चार-पाच जणींत एक चालतो. तोंडाशी खाली चार बोटं उंचीची पट्टी ठोका, म्हणजे आतलं तूस बाहेर सांडत नाही आणि अंडं घरंगळत नाही. तेलाचा पत्र्याचा डबा फुकट मिळतो खरा, पण वैशाखात तो तापतो आणि कोंबडी त्यात टिकत नाही. त्यापेक्षा फुटका रांजण आडवा ठेवलेला बरा.

खोका जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, भिंतीच्या कडेला, उजेड कमी असेल तिथं बसवा. आत भाताचं तूस किंवा बारीक पेंढा तीन-चार बोटं जाड पसरा. ओलं झालं की लगेच बदला. यात आळस नको. ताजं अंडं कोंबडीच्या अंगाइतकं गरम असतं. ते निवताना कवचाच्या बारीक छिद्रांतून हवा आत ओढली जाते आणि खाली ओली घाण असेल तर तीही आत जाते. असं अंडं लवकर नासतं, खुडूक कोंबडीखाली ठेवलं तरी पिल्लू निघायची आशा थोडी.

झोपायची दांडी मात्र खोक्यांपेक्षा उंच हवी. कोंबडी रात्री सगळ्यांत उंच जागा धरते. खोकेच उंच असले तर ती तिथंच झोपेल आणि सकाळी सगळी शीट तुसात.

एवढा खटाटोप कशाला, असं घरातले पुरुष विचारतील. उसाचे आणि कापसाचे पैसे त्यांच्या हाती येतात. अंड्यांचे आपल्या हाती येतात; वहीला, औषधाला, माहेरच्या एस.टी.ला कुणापुढं हात पसरावा लागत नाही. म्हणून गंजीत नासलेलं अंडं मला फार लागतं.

तलंगा पाच-सहा महिन्यांच्या होऊन अंड्यावर येतात. त्याआधी पंधरा दिवस खोके मांडा आणि प्रत्येकात अंड्याएवढा पांढरा गुळगुळीत गोटा ठेवा. तो पाहून नवख्या तलंगीला जागा कळते. बहुतेक अंडी दुपारच्या आत पडतात, तेव्हा सुरुवातीचे काही दिवस दहा वाजेपर्यंत दार उघडू नका. आत पाणी आणि मूठभर दाणे ठेवा. कलकलाट करतील, करू द्या.