बदकाच्या बाजूनं

एखाद्या माणसाला नीट ओळखायचं असेल, तर त्याची रास विचारू नका आणि सॅलरी स्लिपही बघू नका. त्याला 'बेब' दाखवा आणि नंतर चहा पिताना सहज विचारा, "कसा वाटला?" पुढची पंधरा मिनिटं आपण पिक्चरबद्दल बोलतोय, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात तो स्वतःबद्दल बोलत असतो!

'बेब' म्हणजे तोच, बोलणाऱ्या डुकराचा, १९९५ सालचा. डिक किंग-स्मिथ या ब्रिटिश लेखकाच्या १९८३ मधल्या 'द शीप-पिग' या पुस्तकावरून केलेला. दिग्दर्शक क्रिस नूनन. निर्माता आणि सहलेखक जॉर्ज मिलर. हो, तोच, 'मॅड मॅक्स'वाला! शूटिंग ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्समधल्या रॉबर्टसन गावाच्या हिरव्यागार टेकड्यांवर. डुकराची पिल्लं भराभर वाढतात, म्हणून एका बेबच्या रोलसाठी ४८ डुकरं लागली. काही शॉट्सना जिम हेन्सनच्या क्रीचर शॉपची यांत्रिक जनावरं वापरली आणि खऱ्या जनावरांची तोंडं कॉम्प्युटरवर हलवली. बेबला आवाज दिला क्रिस्टीन कॅव्हनॉनं. कार्टून नेटवर्कवरच्या आपल्या डेक्सटरला सुरुवातीची वर्षं तिचाच आवाज होता. सात ऑस्कर नॉमिनेशन्स, त्यात थेट 'बेस्ट पिक्चर'सुद्धा. मिळालं एकच, व्हिज्युअल इफेक्ट्सचं, तेही 'अपोलो १३'ला मागे टाकून. जगभरात धंदा पंचवीस कोटी डॉलरच्या वर.

गोष्ट अगदी साधी. जत्रेत एक शेतकरी, हॉगेट, डुकराचं पिल्लू जिंकून घरी आणतो. पिल्लाला खाऊन-पिऊन गलेलठ्ठ करायचं आणि ख्रिसमसला कापायचं, असा बायकोचा सरळ हिशेब. पिल्लू मात्र मेंढ्या वळवणाऱ्या कुत्रीच्या पंखाखाली वाढतं आणि स्वतः मेंढ्या वळवायला शिकतं. शेवटी मेंढपाळ कुत्र्यांच्या स्पर्धेत उतरतं. पब्लिक आधी हसतं, मग गप्प होतं, मग टाळ्या. शंभरपैकी शंभर!

आता एवढ्या साध्या गोष्टीवर मतभेद व्हायचं कारण काय? पण होतात. गेल्या काही वर्षांत मी हा पिक्चर वेगवेगळ्या लोकांबरोबर चार-पाच वेळा बघितला आणि प्रत्येकानं मला वेगळाच पिक्चर सांगितला.

पहिलं मत माझ्या टीम लीडचं. त्याच्या मते 'बेब' हा मॅनेजमेंटवरचा सर्वोत्तम पिक्चर आहे. बेब एकदा पांढऱ्या आणि तपकिरी कोंबड्या वेगवेगळ्या करतो. हॉगेट ते लांबून बघतो आणि काही न बोलता त्याला दुसऱ्या दिवशी मेंढ्यांकडे घेऊन जातो. "याला म्हणतात टॅलेंट स्पॉटिंग!" त्यानं हा सीन ट्रेनिंगमध्ये दाखवलासुद्धा. वर बेब मेंढ्यांवर गुरगुरत नाही, चावत नाही, अदबीनं विनंती करतो आणि मेंढ्या रांगेत चालू लागतात. "सॉफ्ट स्किल्स!" सगळे टिपून घेत होते. आमच्याकडे शुक्रवारी रात्री साडेआठला 'प्लीज' लावून येणाऱ्या मेल्स तेव्हापासून वाढल्या, हा योगायोग असावा.

दुसरं मत ऑफिसातल्याच एका मैत्रिणीचं. ती कोल्हापूरची. पिक्चर संपल्यावर तिनं जाहीर केलं की आजपासून मटण बंद. हे काही अगदीच जगावेगळं नाही म्हणा. हॉगेटचं काम करणारा जेम्स क्रॉमवेल आधीपासून शाकाहारी होता. या पिक्चरच्या वेळी तो पूर्ण वीगन झाला. आमच्या मैत्रिणीचा निश्चय बारा दिवस टिकला. तेराव्या दिवशी गटारी आली.

तिसरं मत मामाचं. मामा साताऱ्याकडचा, चार म्हशी आणि दोन एकर ऊस सांभाळणारा. पहिली वीस मिनिटं तो नुसता हसत होता. "अगं, डुकराला कोण घरात घेतंय?" पण नंतर तो हसायचा थांबला. बेब आजारी पडतो, खायचं बंद करतो, तेव्हा तो मुका-मुका म्हातारा त्याला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजतो. त्यासाठी आधी गातो आणि मग चक्क नाचतो. मामा म्हणाला, "हे खरंय. म्हैस चारा खाईना झाली की माणूस काय वाट्टेल ते करतं." आणि लगेच पुढे, "पण ती भाकड झाली की बाजारही दाखवतं. ते पण खरंच." दोन्ही वाक्यं त्यानं एकाच सुरात म्हटली. पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणाऱ्या आणि बाजारभावही पाठ असणाऱ्या माणसाला यात काहीच विसंगत वाटत नाही. मामाला पिक्चर आवडला. फक्त मेंढ्या फार शहाण्या दाखवल्यात, अशी त्याची तक्रार होती.

चौथं मत सगळ्यात कडक, माझ्या ताईचं. तिनं तो माझ्या सात वर्षांच्या भाचीसाठी लावला होता. मुलांचा पिक्चर, गोंडस पिल्लू, गाणी म्हणणारे उंदीर... काय बिघडणार? बिघडलं ते ख्रिसमसला. तुम्ही बघितला असेल तर आठवेल. हॉगेटला डुक्कर कापायचं नसतं. ते जत्रेत बक्षीस मिळवेल, कापणं वाया जाईल, असं काहीसं तो बायकोच्या कानावर घालतो. बेब वाचतो. पण जेवणाच्या टेबलावर काहीतरी यायलाच हवं ना? बदक येतं. खिडकीबाहेर फर्डिनांड नावाचं दुसरं बदक उभं असतं, आणि ताटातली ती कोण होती हे ते सांगतं. तिचं नाव होतं रोझॅना आणि स्वभाव फार गोड होता.

भाची रडली ती रडलीच. ताई माझ्यावर भडकली, कारण डीव्हीडी माझी. "मुलांच्या सिनेमात असलं कशाला दाखवायचं? बोलणारी जनावरं दाखवा, हसवा आणि सोडा ना!"

ताई एकटी नाही. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, दुसरा भाग आला, 'बेब : पिग इन द सिटी'. या वेळी दिग्दर्शन स्वतः जॉर्ज मिलरचं. त्यात शहर आहे आणि हॉटेलात लपूनछपून राहणारी बेघर जनावरं आहेत. पुलावरून साखळीला उलटा लटकलेला, पाण्यात बुडत चाललेला कुत्रा आहे. फुटलेल्या भांड्याबाहेर तडफडणारा मासा आहे. मुलांना घेऊन गेलेले आई-बाप हादरले आणि पिक्चर आपटला. आणि त्याच पिक्चरला जीन सिस्केल या नामवंत अमेरिकन समीक्षकानं त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट पिक्चर म्हटलं! ज्या अंधारामुळे आई-बापांनी तो नाकारला, तोच अंधार समीक्षकांना भावला. म्हणजे आमच्या हॉलमधलं भांडण जगभर चाललेलं होतं.

पाचवं मत बाबांचं. ते बोलून दाखवलेलं नाही, त्यामुळे त्याला मत म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

बाबांनी २००२ साली व्हीआरएस घेतली. घेतली की घ्यायला लावली, हा विषय आमच्या घरात निघत नाही. पिक्चरमध्ये रेक्स नावाचा म्हातारा कुत्रा आहे. एकेकाळचा अस्सल खेळाडू. पुरात मेंढ्यांना सोडून न जाता पाण्यात थांबला, त्यात कान गेले आणि चॅम्पियन व्हायचा चान्सही. आता त्याचं काम एक डुक्कर करणार! तो इतका चिडतो की मालकालाही चावतो. मला तो व्हिलनच वाटत होता. पण बाबा पूर्ण वेळ त्याच्याचकडे बघत होते. शेवटी स्पर्धेच्या मैदानावरच्या परक्या मेंढ्या बेबचं ऐकेनात, तेव्हा हाच रेक्स घरापर्यंत पळत जातो. जन्मभर ज्यांना मूर्ख म्हटलं, त्या मेंढ्यांना हळू आवाजात विचारतो, त्यांचा खास परवलीचा शब्द घेतो आणि पुन्हा पळत येतो. बाबा म्हणाले, "पळाला बघ." एवढंच. मग उठून पाणी प्यायला गेले.

टीम लीडच्या ट्रेनिंगमध्ये रेक्सबद्दल एक स्लाइड नव्हती.

तर असे हे पाच प्रेक्षक आणि पाच पिक्चर. यात चूक कोण? खरं सांगायचं तर कुणीच नाही. प्रत्येकजण त्या शेतावर आपली जागा शोधतोय आणि ती सापडली की तिथूनच बघतोय. टीम लीडला हॉगेट व्हायचंय. मामा हॉगेट आहेच. ताई खिडकीला पडदा लावू पाहणारी आई आहे. आणि बाबा... ते आलंच वर.

आणि मी? मला विचाराल तर माझी जागा फर्डिनांडशेजारी.

हे बदक पिक्चरमधलं सगळ्यात हुशार पात्र आहे. त्याला शेताचा एकमेव नियम कळलाय. जो उपयोगाचा, तो वाचतो, बाकीचे टेबलावर. म्हणून तो रोज पहाटे कोंबड्यासारखा आरवतो. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये नसलेलं काम स्वतःहून अंगावर घेतो, म्हणजे कुणी हात लावणार नाही! मग मालकीणबाई गजराचं घड्याळ विकत आणतात. खलास! ते घड्याळ चोरण्यासाठी बेचाऱ्याची जी धडपड चालते, तिला आम्ही १५ वर्षांपूर्वी पोट धरून हसलो होतो. परवा पुन्हा बघितलं, तेव्हा ऑफिसात एआयचं नवं टूल येऊन तीन आठवडे झाले होते. हसू आलं, पण जरा उशिरा.

२००९ च्या मंदीत एका आठवड्यात माझं प्रमोशन झालं आणि शेजारच्या डेस्कवरच्या टेस्टरला लेटर मिळालं. सोमवारी केक माझा, बुधवारी खोका त्याचा. दोन्ही निर्णय एकाच एक्सेल शीटमधून आलेले होते. मी काही चुकीचं केलं नव्हतं, त्यानंही नव्हतं. मला कोंबड्या वेगळ्या करता येत होत्या, एवढंच.

म्हणून ताईचं म्हणणं कळत असूनही मला पटत नाही. तो बदकाचा सीन काढून टाका, काय उरतं? गुणी पिल्लाला कदर करणारा मालक भेटतो आणि सगळे खूश. असल्या गोष्टींचा आपल्याकडे तुटवडा नाही, कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात दरवर्षी ऐकतो. 'बेब' तेवढ्यावर थांबत नाही. बेब वाचला त्याच रात्री टेबलावर कोण होतं, हे तो एकदा, दोन मिनिटं, न ओरडता दाखवतो. मग गोष्ट पुढे जाते, बेब जिंकतो, आपण टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या खोट्या नाहीत. पण त्या वाजवताना आपल्याला ताट आठवत असतं.

माझी तक्रार असलीच तर उलटी आहे. बेब वाचतो तो त्याच्यात काहीतरी खास आहे म्हणून. ज्याला ना आरवता येतं, ना मेंढ्या वळवता येतात, त्याचं काय? नुसता गोड स्वभाव असलेल्याचं काय? पिक्चर याचं उत्तर देत नाही. फक्त तिचं नाव सांगतो.

आणि गंमत बघा, त्या रात्री आम्ही मोठी माणसं वाद घालताना सतत 'तो बदकाचा सीन', 'ते बदक' असंच म्हणत होतो. टीम लीडचं ट्रेनिंगही झालं, पण तो सीन त्याला आठवतच नव्हता. भाची मात्र दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना, बुटाची लेस बांधता बांधता मला म्हणाली, "मावशी, रोझॅनाला कुणी सांगायला पाहिजे होतं ना आधी?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. मी डबा भरत होते, भरत राहिले. पण त्यानंतर ऑफिसात कुणाची 'लास्ट डे' अशी सब्जेक्ट लाइन असलेली मेल आली, की मी ती न वाचता डिलीट करत नाही. नाव वाचते. जमलं तर खाली जाऊन चहा पाजते.